घाटाचे नियम : कोणत्या तारखेचे?

कुकडीकाठच्या आमच्या बोरी बुद्रुकला पुरातत्त्वाच्या ग्रंथांत जागा मिळाली ती नदीकाठच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे. १९८९ मध्ये या राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे सांगितले गेले. १९९५ मध्ये ते सुमारे ६ लाख ७० हजारांवर आले. ही राख सुमात्रातील टोबाच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची, असेही अभ्यासकांनी तिच्या रासायनिक घडणीवरून मांडले. यातला कोणताही आकडा सालाशिवाय सांगितला, तर माहिती अर्धीच राहते.

नियमांच्या कागदांचेही तसेच आहे. जुन्नर-आंबेगावात ते सर्वाधिक जाणवते बैलगाडा शर्यतीत. घाट, पुढे धावणारी घोडी, मागून सुटलेली बारी आणि सेकंदांचा हिशेब. या खेळाची पंचपोथी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी होती. बारी बाद केव्हा, नंबर कोणाचा, हे यात्रा कमिटी आणि जाणती माणसे ठरवत. त्यात बदल होई, पण त्याची नोंद कुठे राहत नसे.

लेखी कागद बाहेरून आले आणि झपाट्याने बदलले. मी त्यांची तारीखवार यादी करत आलो आहे. ११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. ७ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने अटींसह सूट दिली. धावपट्टी २ किलोमीटरपेक्षा लांब नको, ही त्यातली एक अट. पाचच दिवसांत, १२ जानेवारीला, तिला स्थगिती मिळाली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या रोखल्या. त्याच वर्षी राज्याचे नियम आले आणि धावपट्टीची मर्यादा १००० मीटर झाली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्तीच्या व नियमांच्या चौकटीत शर्यतींना अंतरिम परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू व कर्नाटकाच्या कायद्यांबरोबर महाराष्ट्राचा कायदाही वैध ठरवला.

आता पाहा. २०१६ चा कागद हाती असलेला माणूस २ किलोमीटर म्हणेल, २०१७ चा वाचलेला १००० मीटर. दोघेही छापील कागद दाखवतील. परंतु पहिला कागद जेमतेम पाच दिवस जिवंत होता. हा प्रश्न केवळ अभ्यासकाचा नाही. एकच बारी एका तारखेला गुन्हा ठरते, दुसऱ्या तारखेला परवानगीची शर्यत. शेतकऱ्यावरचा खटला आणि बैलाच्या अंगावर उठणारा वळ, दोन्ही त्या तारखेला बांधलेले असतात. कारण चाबूक, टोचणी, विजेचा धक्का यांना मनाई करणारे कलमही याच कागदांत आहे.

अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेला जुन्या मोटारींचा एक क्लब गाड्यांना ४०० गुणांच्या पद्धतीने पारखतो. त्याची परीक्षकांसाठीची पुस्तिका वेळोवेळी सुधारली जाते. तिथे गुण कोणत्या सालच्या आवृत्तीने दिले, हे कळल्याखेरीज दोन वर्षांच्या निकालांची तुलना करता येत नाही. तिथे पुस्तिका बदलते तो क्लबच. आपल्याकडे मंत्रालय, विधिमंडळ आणि दोन न्यायालये असे चार हात एकाच पोथीवर फिरले. म्हणून जुना कागद रद्द झाला, की नुसता थांबवला गेला, हे वेगळे लिहावे लागते.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक यात्रा कमिटीने हिशेबाच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवावी. तिच्यात चार रकाने असावेत : कागदाची तारीख, तो काढणारे कार्यालय, तो अमलात आल्याचा दिवस आणि थांबल्याचा दिवस. पाचव्या रकान्यात घाटातले तोंडी नियम, जाणत्यांच्या हयातीतच, लिहून काढावेत. राखेचे वय पुन्हा मोजता येते, कारण राख अजून जागेवर आहे. तोंडी पोथीला ती सोय नाही.