ओळंबा ते उपग्रह : भूगणिती मोजणीचा इतिहास

‘मोजणी’ हा शब्द सेलूच्या शिवारात उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे साखळी, बांध आणि खुणेचा दगड उभे राहतात. ३३ फुटांची साखळी, त्या साखळीचा चौरस म्हणजे गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर, असे या मोजणीचे साधे गणित होय. आपला बांध व शेजाऱ्याचा बांध यांतील संबंध निश्चित करणे एवढेच तिचे प्रयोजन असल्यामुळे पृथ्वीचा आकार तिला ठाऊक असावा लागत नाही. परंतु सेलूच्या पूर्वेस सुमारे सव्वाशे किलोमीटरांवरून एकोणिसाव्या शतकात एक निराळीच मोजणी गेली. ती शेतांची नसून पृथ्वीची होती. या दुसऱ्या मोजणीचा धागा आजच्या भूगणिती उपग्रहांपर्यंत कसा पोहोचतो, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून या कार्यास आरंभ केला. त्रिकोणास त्रिकोण जोडीत ही साखळी निजामाच्या राज्यात बीदरच्या परिसरापर्यंत आली व पुढे वऱ्हाडाकडे वळली. हैदराबादेहून नागपुराकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे लॅम्ब्टन मरण पावला. त्याचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट याने बीदरजवळील दमरगिड्यापासून सिरोंजजवळील कल्याणपूरपर्यंतच्या, म्हणजे १८°३′ ते २४°७′ अक्षांशांमधील, मध्यान्हवृत्तखंडाचा वृत्तान्त १८३० मध्ये प्रसिद्ध केला. मराठवाडा व वऱ्हाड यांचा प्रदेश याच पट्ट्यात येतो. त्याच वर्षी एव्हरेस्टने पृथ्वीसाठी जो लंबगोल ठरविला, त्याची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६३,७७,२७६ मीटर असून चपटेपणा १/३००.८ होता. हिंदुस्थानच्या नकाशांचा तो दीर्घकाळ आधार राहिला.

या मोजणीचा सर्व भरवसा ओळंब्यावर होता. गवंड्याचा ओळंबा भिंतीपुरता खरा असतो. परंतु जवळच्या पर्वताचे आकर्षण त्यास किंचित बाजूस ओढते. कल्याणपूर आणि हिमालयाच्या बाजूचे कालियाना या दोन स्थानांतील अक्षांशांचे अंतर ताऱ्यांवरून एक आले आणि त्रिकोणांवरून दुसरे. फरक ५.२३६ विकलांचा होता. कलकत्त्याचे धर्माधिकारी जॉन प्रॅट यांनी १८५५ मध्ये हिमालयाचे आकर्षण गणिताने काढले, तेव्हा ते या फरकाच्या कित्येक पट भरले. पर्वताखालचे द्रव्य उणे असले पाहिजे, या विचारास येथून चालना मिळाली. पृथ्वीचा आकार आणि तिच्या पोटातील द्रव्याची वाटणी हे प्रश्न अशा रीतीने एकमेकांत गुंतले.

त्रिकोणांची साखळी समुद्र ओलांडू शकत नाही, ही या पद्धतीची दुसरी मर्यादा होय. प्रत्येक देशाने आपापल्या भूमीस जुळेल असा लंबगोल पत्करला. या सर्वांस एकत्र आणील असा, पृथ्वीबाहेरचा एखादा बिंदू हवा होता. तो १९५७ मध्ये पहिल्या कृत्रिम उपग्रहाच्या रूपाने लाभला. विषुववृत्तावरील फुगवट्यामुळे उपग्रहाच्या कक्षेचे प्रतल हळूहळू फिरत राहते. त्या फिरण्यावरून चपटेपणा काढता येतो. तो १/२९८.३ च्या आसपास ठरला. मार्च १९५८ मध्ये सोडलेल्या व्हॅनगार्ड-१ च्या कक्षेवरून पृथ्वी किंचित नासपतीच्या आकाराची असल्याचे १९५९ मध्ये दिसून आले.

केवळ भूगणितासाठी घडविलेला पहिला उपग्रह ॲना-१बी होय. त्याचा पूर्वज ॲना-१ए मे १९६२ मध्ये उड्डाणातच नष्ट झाला. ३१ ऑक्टोबर १९६२ रोजी दुसरा कक्षेत पोहोचला. त्यावरील लुकलुकत्या दिव्याचे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर छायाचित्र घेऊन दूरदूरच्या स्थानांचे परस्परसंबंध ठरविता येत. पुढे १९६५ मध्ये जीओस-१ आणि १९६६ मध्ये ३० मीटर व्यासाचा पेजिओस हा फुगा आकाशात गेला. उपग्रहांचा माग घेणाऱ्या जगातील १२ बेकर-नन कॅमेऱ्यांपैकी एक नैनिताल येथे होता. ४ मे १९७६ रोजी सोडलेला लेजिओस म्हणजे ६० सेंटिमीटर व्यासाचा जड गोळा. त्याच्या अंगावर ४२६ परावर्तक असून यंत्र एकही नाही. जमिनीवरून सोडलेला लेसर किरण परत येण्यास लागणारा वेळ मोजला की अंतर कळते. २००२ मध्ये सुटलेल्या ग्रेस या जुळ्या उपग्रहांनी परस्परांमधील सुमारे २२० किलोमीटरांच्या अंतरातील सूक्ष्म बदलांवरून गुरुत्वाचा नकाशा २०१७ पर्यंत काढला. हिंदी महासागरात, भारताच्या दक्षिणेस, गुरुत्वनिश्चित समुद्रपातळी लंबगोलाच्या खाली सुमारे १०० मीटर आहे. जगातील हा सर्वांत खोल खळगा उपग्रहांमुळेच रेखीवपणे मोजता आला.

या इतिहासाचे फलित सेलूच्या शिवारातही दिसते. एव्हरेस्टच्या लंबगोलाचे केंद्र पृथ्वीच्या खऱ्या केंद्रापासून सुमारे ८०० मीटर दूर पडते. त्यामुळे एकाच दगडाचे जुने अक्षांश-रेखांश उपग्रहाधारित नकाशावर जसेच्या तसे मांडले, तर तो दगड शंभर मीटरांहून अधिक सरकल्यासारखा दिसतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठीच्या नकाशांना जागतिक लंबगोल दिला, आणि २०२० च्या ‘स्वामित्व’ योजनेने उपग्रहाधारित मोजणी गावठाणापर्यंत आणली. जुन्या आकड्यांची नव्या आकड्यांशी गाठ घालताना दोहोंचा आधार तपासला नाही, तर कागदावर उद्भवलेला दोष जमिनीवरचा तंटा होऊन बसेल. दोष एव्हरेस्टच्या मेहनतीचा नव्हे. त्याचा लंबगोल या भूमीस नीट बसत होता, पृथ्वीच्या केंद्राचा शोध घेणे त्याच्या साधनांच्या आवाक्याबाहेर होते.

मराठीने दोन्ही कार्यांस ‘मोजणी’ हे एकच नाव दिले. व्यवहारास ते पुरेसे असले, तरी अर्थाच्या दृष्टीने भेद राखणे अवश्य आहे. पहिली मोजणी शेजाऱ्याच्या बांधापासून निघते, दुसरी पृथ्वीच्या केंद्रापासून. कोणताही आकडा हाती आला असता तो कोठून मोजला, हा प्रश्न प्रथम विचारावा, हाच या दीडशे वर्षांहून दीर्घ परंपरेचा बोध होय.