पांढऱ्या कोळशाचा हिशेब

मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत आणि तो दुरून आणावा लागे. इकडे सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र दरसाल अमाप पाऊस कोसळत होता. तो अडवून घाटाखाली सोडायचा आणि त्याच्या वेगावर जनित्रे फिरवायची, ही टाटांची योजना. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईस पोहोचली. जलशक्तीला युरोपात ‘पांढरा कोळसा’ म्हणत: धूर नाही, राख नाही आणि दर पावसाळ्यात पुन्हा भरणारी खाण! आजच्या ‘अक्षय ऊर्जे’चा आशय त्या शब्दात आधीच होता.

पण जलाशयाला तळ लागतो. मुळशी पेट्यात तो तळ म्हणजे मावळ्यांची भातखाचरे होती. १९२१ च्या रामनवमीस, मुळा-नीला संगमावरील धरणाविरुद्ध, तेथे सत्याग्रह सुरू झाला. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. लढा एकजिनसी नव्हता. अनेक जमिनी सावकारांकडे अडकलेल्या होत्या आणि सावकारांना मोबदल्याचे वावडे नव्हते. अहिंसेची मर्यादा ओलांडून रेल्वे अडवणाऱ्या पां. म. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. ‘सेनापती’ ही पदवी आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. ती कोणत्या जमिनीसाठी लढताना मिळाली, हे बहुधा तळटिपेत राहते.

१९२७ साली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. मूळचे भीमेकडे जाणारे ते पाणी आजही वीज देऊन कोकणात उतरते. दुष्काळी वर्षांत भीमेच्या खोऱ्यातून ते परत मागितले जाते.