शब्दवेध : डोंगा

पावसाळा सरल्यावर शनिवार-रविवारी मुंबईच्या गेटवेपासून मांडव्याकडे निघणाऱ्या आलिशान मोटरनौकांचे आकर्षण मोकळ्या डेकवर आणि पाण्याशी साधणाऱ्या जवळिकीत असते. मात्र उथळ किनाऱ्याला मोठी नौका लागत नाही, तेव्हा माणसे ज्या छोट्या बोटीत उतरतात तिला इंग्रजीतही ‘डिंगी’च म्हणतात, आणि हा शब्द इंग्रजीने हिंदी-बंगालीतून उचललेला असून कोशकार त्याचे नाते ‘डोंगा’ या शब्दाशी जोडतात. गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याकडून येणारी कठाणी जिला मिळते त्या वैनगंगेच्या खोऱ्यात, डोंगा म्हणजे एकाच खोडाचा गाभा वाकसाने कोरून, कडा शाबूत ठेवून घडवलेली होडी. ‘नाव’ थेट संस्कृत ‘नौ’पासून आली, डोंग्याला मात्र असे निर्विवाद संस्कृत मूळ नाही, म्हणून तो देशी मानणेच रास्त. संस्कृत ‘द्रोणी’पासून आलेली, गुरांना पाणी पाजण्याची ‘डोणी’ त्याची सख्खी बहीण नसली तरी अर्थाने शेजारीण खरी, कारण दोन्हींत पोकळपणाच मुख्य आहे. पंगतीतला रश्शाचा डोंगाही त्याच पोकळ आकाराचा.