ठिणगीची घाई

आरे कॉलनीत पिकनिक पॉइंटकडे चढणाऱ्या रस्त्यावर जुनी प्रीमिअर पद्मिनी टॉप गिअरमध्ये घ्यावी आणि ॲक्सिलरेटर हळूहळू दाबत न्यावा. इंजिनातून बारीक कडकड ऐकू आली, तर ठिणगी वेळेआधी पडते आहे. आवाज नाही पण पिकअप मेलेला आणि इंजिन तापतंय, तर बहुधा ती उशिरा पडते. सपाट रस्त्यावर हे दोष सहज लपतात.

ठिणगीला घाई असते ती पेट्रोलमुळे. मिश्रण एका क्षणात पेटून संपत नाही, ज्योत पसरायला वेळ लागतो. तो ढोबळमानाने 2 मिलिसेकंद धरला, तर मिनिटाला 800 फेऱ्यांवर क्रँक तेवढ्यात सुमारे 10 अंश फिरतो आणि 3000 फेऱ्यांवर 36. म्हणजे वेग वाढेल तशी ठिणगी अलीकडे आणायलाच हवी.

डाइमलरच्या सुरुवातीच्या इंजिनांत तापलेली नळी मिश्रण पेटवायची, तिथे वेळ बदलायची सोयच नव्हती. ती द दियाँ-बुताँच्या 1895 च्या सुमाराच्या इंजिनांनी दिली: बॅटरी, कॉइल आणि कॉन्टॅक्ट ब्रेकर. पण ठरवणारा हात चालकाचाच. 1908 च्या फोर्ड मॉडेल टी मध्ये स्टिअरिंगखाली डावीकडे ठिणगीचा दांडा होता. हँडल मारताना तो मागे घ्यायला विसरलं की हँडल उलट फिरायचं आणि मनगट मोडायचं. पुढे हे काम चालकाच्या हातून डिस्ट्रिब्युटरकडे गेलं. वेग ओळखायला स्प्रिंगांनी धरलेली दोन वजनं आली, भार ओळखायला व्हॅक्यूमची डबी.

दोष शोधताना मला हाच क्रम सगळ्यात भरवशाचा वाटतो. आधी हाताने लावायचं मूळ टायमिंग, पण त्याच्याही आधी कॉन्टॅक्ट ब्रेकरच्या पॉइंटचा गॅप, कारण गॅप बदलला की टायमिंग सरकतं. मग टेस्ट बल्ब लावावा. पॉइंट उघडतो त्या क्षणी तो पेटतो. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून त्यावरचा एक अंश क्रँकवर दोन होतो. इथे भलेभले फसतात.

मग वजनं. डिस्ट्रिब्युटरमधला रोटर बोटांनी फिरण्याच्या दिशेने वळवून सोडावा, तो झटकन परत यायला हवा. अडखळला तर आत ग्रीस वाळलंय किंवा गंज धरलाय. अशी गाडी आयडलिंगला उत्तम चालते आणि वेगात दम सोडते. स्प्रिंग तुटली असेल तर उलट, कमी वेगातच ॲडव्हान्स पुढे पळतो. ज्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमची डबी आहे, तिची नळी तोंडाने ओढून पाहावी: पॉइंटची प्लेट हलली नाही, तर बहुधा पडदा फाटलाय. एवढं न बघता नुसता डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग ‘जुळवणं’ म्हणजे एक दोष दुसऱ्याखाली दडवणं.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातल्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनी गाड्यांना पुढे टॅक्सीच्या धंद्यात सीएनजी लागला आणि प्रश्न नव्याने उभा राहिला. हा गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून त्याला ठिणगी आणखी अलीकडे लागते; नॉकिंगही, म्हणजे ती कडकडही, तो सहजी करत नाही. पण गॅसवर चोख लावलेली गाडी पेट्रोलवर घेतली की कडकडते. दोन्ही इंधनांना टायमिंग एकच असेल, तर आधी पेट्रोलवर कडकड थांबेपर्यंत ते मागे आणावं आणि मगच क्लॅम्पचा बोल्ट आवळावा.