मांजराचा आहार : दूध-भाकरीने पोट भरते, पोषण होत नाही

‘शिंक्याचे तुटले आणि बोक्याचे फावले’, ‘मांजर डोळे मिटून दूध पिते’ अशा म्हणींमुळे दूध हेच मांजराचे अन्न, हा समज मराठी घरांत पक्का रुजला आहे. मध्य प्रदेशात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या पांढुर्णा आणि सौंसर या मराठीभाषक भागातही दूध-भाकरी कालवून मांजरापुढे ठेवण्याची रीत जुनी आहे. शेतकऱ्याच्या घरी ज्वारी-तुरीच्या कणग्यांजवळ मांजर वावरत असे आणि एवढ्याशा आहारावरही ते धडधाकट दिसे. त्याचे खरे पोषण मात्र त्या कणग्यांभोवती फिरणाऱ्या उंदरांवर होत असे. घरातली दूध-भाकरी हा वरचा घास होता.

आता धान्य बंद पत्र्याच्या कोठीत असते, घरे सिमेंटची झाली आहेत आणि अनेक मांजरे दाराबाहेर पडतच नाहीत. उंदीर आहारातून गेले. दूध-पोळी तशीच राहिली. घरातल्या मांजरांच्या कुपोषणाचे एक मूळ येथे आहे.

मांस आवश्यक का?

कुत्रा मिश्राहारावर जगू शकतो. मांजर शरीररचनेनेच मांसाहारी आहे. टॉरिन हे अमिनो आम्ल त्याचे शरीर पुरेशा प्रमाणात तयार करू शकत नाही. ते मांस आणि मासळीतून मिळते. धान्य, डाळी व भाज्यांत जवळजवळ नसतेच. टॉरिनच्या अभावी मांजराच्या डोळ्यांतील दृष्टिपटल झिजते, हे १९७५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. हृदयाचे स्नायू कमकुवत होऊन ते फुगण्याचा विकारही याच अभावातून होतो, हे १९८७ मध्ये सिद्ध झाले. वेळीच टॉरिन मिळाल्यास हृदय बरेचसे सावरते; गेलेली दृष्टी परत येत नाही.

गाजर, भोपळा यांतील पिवळ्या-केशरी रंगद्रव्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनविणेही मांजराला जमत नाही. ते त्याला प्राणिज अन्नातूनच तयार मिळावे लागते. याउलट ‘क’ जीवनसत्त्व त्याचे यकृत स्वतः बनवते. त्यामुळे संत्र्यांच्या या मुलखात मांजराला संत्रे भरविण्याचे काहीही कारण नाही. शिवाय संत्र्याच्या सालीतील तेल मांजराला अपायकारक आहे. सोललेल्या साली त्याच्यापासून दूर ठेवाव्यात.

दुधाविषयी

आईचे दूध सुटल्यानंतर बहुतेक मांजरांची दुधातील साखर पचविण्याची क्षमता कमी होते. त्यामुळे काहींना पोटफुगी व जुलाब होतात. दूध मानवत असल्यास एखाद-दोन चमचे चालतात, पण ते जेवण समजू नये. आई नसलेल्या पिल्लालाही केवळ गाईच्या दुधावर वाढवू नये. त्यात पिल्लाच्या गरजेपेक्षा प्रथिने कमी असतात. मांजराच्या पिल्लांसाठीची दूध भुकटी मिळते, ती वापरावी. साधारण चार आठवड्यांपासून मऊ अन्न सुरू करता येते.

काय द्यावे?

चार किलो वजनाच्या प्रौढ मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी लागतात. कोरड्या तयार खाद्याचा विचार केल्यास हे प्रमाण सुमारे ५० ते ६० ग्रॅम भरते. ते दोन-तीन वेळांत विभागून द्यावे. पाकिटावर ‘संपूर्ण व संतुलित आहार’ असा उल्लेख आणि मांजराचे वय पाहून खाद्य निवडावे. कुत्र्याचे खाद्य मांजराला पुरे पडत नाही.

घरचे अन्न द्यायचे असल्यास मीठ-मसाला न घालता शिजवलेली कोंबडी किंवा मासळी द्यावी. टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून शिजवलेले पाणीही त्यातच मिसळावे. कोंबडीच्या हृदयात टॉरिन भरपूर असते. मात्र नुसत्या मांसात कॅल्शियम फारच कमी असल्याने केवळ त्यावर वाढलेल्या पिल्लांची हाडे ठिसूळ होतात. यकृत रोज दिल्यास ‘अ’ जीवनसत्त्व अतिरिक्त होते. त्यामुळे कायम घरचेच अन्न द्यायचे असेल, तर पशुवैद्यकाकडून पूरक घटकांचे प्रमाण ठरवून घ्यावे.

शाकाहारी घरांत तयार खाद्य हा सोयीचा मार्ग आहे. दही, पनीर किंवा अंडे यांनी टॉरिनची गरज भागत नाही.

काय टाळावे?

कांदा आणि लसूण कच्चे असोत वा शिजवलेले, मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. म्हणून रश्श्यातला तुकडा धुऊन देणेही धोक्याचे आहे. चॉकलेट, द्राक्षे, मनुका आणि शिजवलेली हाडे देऊ नयेत. ताप आला म्हणून माणसांची पॅरासिटामॉल गोळी कधीही देऊ नये. एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. घरात उंदरांसाठी विष ठेवले असल्यास विष खाल्लेला उंदीर मांजराच्या तोंडी लागणार नाही, याची दक्षता घ्यावी.

पाणी आणि उन्हाळा

मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले असल्याने त्याला तहान कमी लागते. उंदराच्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणी असते, तर कोरड्या खाद्यात जेमतेम दहा टक्के. विदर्भाला लागून असलेल्या या भागातील कडक उन्हाळ्यात ही तूट अधिक जाणवते. घरात दोन-तीन ठिकाणी स्वच्छ पाण्याची पसरट भांडी ठेवावीत, ओले अन्नही द्यावे. बोका वारंवार लघवीला बसत असेल आणि लघवी होत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबल्याची शक्यता असते. त्याच दिवशी उपचार मिळाले नाहीत तर तो दगावू शकतो.

मांजराने सलग दोन दिवस अन्न सोडले, तरी थांबू नये. विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात उपासमारीने चरबी साचते आणि आजार बळावतो. प्राथमिक तपासणीसाठी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. पुढील उपचारांसाठी पांढुर्णा-सौंसरकरांना नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळचे आहे. राज्यातच जायचे असेल, तर जबलपूरचेही आहे.

पूर्वी मांजर उरलेसुरले खाऊन जगले, कारण उरलेली गरज ते स्वतः शिकारीने भागवीत होते. त्याला घरात ठेवून घेतल्यावर ती जबाबदारी घरधन्याकडे येते.