कमानींखालची वाट

मुंबईच्या कोटाभोवती जोवर तट आणि खंदक होते, तोवर अपोलो, चर्च आणि बाजार या तीन दरवाजांतूनच आतल्या दाट वस्तीचा बाहेरच्या जगाशी व्यवहार चाले. 1862 साली गव्हर्नर झालेल्या सर बार्टल फ्रियर यांच्या अमदानीत हा तट पाडण्यात आला आणि अमेरिकेतील यादवीमुळे कापसाच्या व्यापारात अमाप पैसा मिळवू लागलेल्या या शहराला ऐसपैस जागा लाभली. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ 1863 साली प्रसिद्ध झाले. जुने शहर दृष्टीआड होण्याच्या ऐन घटकेस ते मराठीत नोंदले गेले, हे आपले थोर भाग्य. तट गेल्यावर जी अरुंद वाट रुंद होत गेली तोच हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग.

उत्तरेकडून निघावे. 1869 सालचे क्रॉफर्ड मार्केट आणि त्यासमोरचे जे. जे. कलाविद्यालय ओलांडले की बोरीबंदरचे स्थानक आणि 1893 साली पुरी झालेली महापालिकेची इमारत समोरासमोर येतात. दोन्ही फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्याच आराखड्याच्या. स्थानकाच्या भिंतींवरचे मोर, माकडे आणि पानवेली मात्र जे. जे. च्या विद्यार्थ्यांच्या हातच्या आहेत, आणि गाडी गाठण्याच्या घाईतही त्यांकडे घटकाभर मान वर करून पाहावे.

तथापि या मार्गाचे खरे वैभव मला या दोन प्रासादांत दिसत नाही. ते त्यांच्या पुढे दक्षिणेस लागणाऱ्या कमानींत आहे. 1896 च्या सुमारास सरकारने असा नियम केला की, या रस्त्यावर इमला बांधणाऱ्या प्रत्येक मालकाने तळमजल्याचा दर्शनी भाग कमानदार करून पादचाऱ्यांस मोकळा ठेवावा. वरच्या मजल्यांचा साज ज्याने त्याने आपल्या अभिरुचीप्रमाणे करावा. म्हणून कोणी गॉथिक धर्तीचे सज्जे काढले, कोणी ग्रीक स्तंभ उभे केले, आणि तरीही खाली चालणाऱ्याच्या डोक्यावरची सावली बऱ्याच अंतरापर्यंत तुटली नाही. खासगी मिळकतीवर चालणाऱ्याचा वहिवाटीचा हक्क इतक्या सहजतेने कायम करणारी दुसरी तजवीज या शहरात क्वचितच झाली असेल. भर आषाढात घड्याळांची, जुन्या नाण्यांची, कातडी पाकिटांची दुकाने न्याहाळीत कारकून येथून कोरडा चालत जातो, तो त्या नियमाच्या पुण्याईने. नियमापूर्वीची, 1881 सालची वाच्छा अग्यारी याच रस्त्यावर आहे; तिच्या दर्शनी भागावरचे मानवमुखी, पंखधारी वृषभ न पाहता पुढे जाऊ नये. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 साली स्थापिलेले सिद्धार्थ महाविद्यालयही याच ओळीत आहे. परकीय व्यापाराच्या वैभवासाठी आखलेल्या या रस्त्यावर ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या विद्या नाकारली गेली त्यांची मुले पदवीसाठी येऊ लागली, ही घटना मी येथील कोणत्याही घुमटाहून मोठी मानतो.

मार्ग संपतो तेथे दादाभाईंचा पुतळा आणि 1864 सालचे फ्लोरा फाउंटन. जुना चर्च दरवाजा याच परिसरात होता. 21 नोव्हेंबर 1955 रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी एक जमाव चर्चगेटकडून आणि दुसरा बोरीबंदराकडून येथे चालत आला, आणि त्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या लढ्यातील हुतात्म्यांच्या स्मरणार्थ शेतकरी आणि कामगार यांचे पुतळे एकच मशाल धरून येथे उभे आहेत.