दुखणं कुठलं, कशाचं: ल्युकेमियाचे उपचार आणि जोडीदार

डॉक्टर विचारतात, "दुखतंय का?" रुग्ण म्हणतो, "थोडंसं." शेजारी बसलेली बायको म्हणते, "रात्रभर झोपले नाहीत." उपचार ठरवायला या दोन उत्तरांपैकी दुसरंच जास्त उपयोगी पडतं. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं अॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे. तिथल्या ओपीडीत डॉक्टरांच्या वाट्याला रुग्ण काही मिनिटं येतो, बाकीचे दिवसरात्र जवळपासच्या भाड्याच्या खोलीत जोडीदारासोबत जातात. 'धीर द्या' हा सल्ला सगळेच देतात. पण माझ्या मते जोडीदाराचं पहिलं काम दुखण्याचा चोख हिशेब ठेवण्याचं आहे: कुठे, केव्हापासून, कुठल्या औषधानंतर, दहापैकी किती.

हा हिशेब लागतो, कारण प्रत्येक औषधाची वेदना वेगळी असते. केमोतलं व्हिनक्रिस्टिन नसांवर परिणाम करतं. बोटं बधिर होतात, शर्टाचं बटण लागत नाही, कधी जबडा ठणकतो. चालताना चप्पल पायातून निसटते आणि ते रुग्णाच्या लक्षातही येत नाही. मागून चालणाऱ्याला मात्र दिसतं. ही गोष्ट पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांच्या कानावर गेलीच पाहिजे. पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या जी-सीएसएफ इंजेक्शनने कंबर, मांड्या, छातीचं हाड आतून ठणकतं, कारण तिथल्या मगजात पेशींचं काम जोरात सुरू होतं. हे दुखणं बहुधा इंजेक्शनं थांबली की जातं. स्टेरॉइडने झोप उडते, चिडचिड होते; नवरा ताट ढकलून देतो तेव्हा त्यामागे गोळी असू शकते, हे बायकोला आधी सांगितलेलं बरं. त्याच स्टेरॉइडमुळे पुढे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणून लंगडणं नवीन असेल तर 'अशक्तपणा आहे' म्हणून सोडू नये.

सर्वांत हाल करतं ते तोंड येणं. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी तोंडापासून घशापर्यंतचं अस्तर सोलवटतं. केमोनंतर साधारण आठवड्याभराने हे सुरू होतं आणि रक्तपेशींचे आकडे, म्हणजे काउंट, वर यायला लागले की भरत येतं. मिठाच्या आणि खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने दिवसातून अनेकदा गुळण्या, मऊ ब्रश, गिरगट भात, तिखटाला पूर्ण रजा. जेवणाआधी तोंड बधिर करणारं औषध डॉक्टर देतात. या दिवसांत 'दोन घास तरी खा' हा आग्रह नुसता छळ होतो. गिळता येत नसेल तर सलाइन किंवा नळीतून अन्न देण्याची सोय असते. त्यात कुणाचाही पराभव नाही.

आता घरच्या औषधांच्या डब्याबद्दल. त्यात बहुधा कॉम्बिफ्लॅम असतंच. त्यातलं आयब्युप्रोफेन प्लेटलेट्स कमी असताना रक्तस्राव वाढवू शकतं, मेथोट्रेक्सेटचा विषारी परिणामही वाढवू शकतं. पॅरासिटामॉल वेगळ्या कारणाने धोक्याचं: ते ताप झाकतं. काउंट पडलेले असताना ताप हेच बहुतेकदा जंतुसंसर्गाचं पहिलं लक्षण असतं. 100.4 अंश फॅरनहाइट दिसलं की आधी हॉस्पिटल गाठायचं, मग मध्यरात्र असो की पाऊस. म्हणून तिथे विचारल्याशिवाय वेदनाशामक नाही, आणि दिलंच तर आधी थर्मामीटर. एनिमा किंवा गुदद्वारातून द्यायचं औषध मनाने तर मुळीच नको. अॅस्पॅराजिनेज हे केमोचं औषध चालू असताना पोटात सुरू होऊन पाठीत जाणारी तीव्र कळ स्वादुपिंडाची असू शकते आणि न थांबणारी डोकेदुखी मेंदूतल्या शिरेत गुठळी झाल्याची. 'केमोचं चालायचंच' या वाक्याने इथे माणूस दगावू शकतो.

मॉर्फिनचं नाव काढलं की घरचे दचकतात: व्यसन लागेल, किंवा आता शेवट आला. दोन्ही भीती बहुतांशी निराधार आहेत. वेदनेसाठी, मोजून, देखरेखीखाली दिलेलं मॉर्फिन हे साधं काम करणारं औषध आहे. साध्या गोळीचा असर सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती दुखायची वाट न बघता घड्याळाप्रमाणे द्यायची. अडचण पुरवठ्याची. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातल्या परवान्यांच्या जाळ्यामुळे हे औषध वर्षानुवर्षं दुर्मीळ झालं. 2014 च्या दुरुस्तीने वाट सोपी केली, तरी ते नाक्यावरच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. गणपती-दिवाळीच्या सुट्टीआधी साठा बघावा. आणखी एक: मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतं, व्हिनक्रिस्टिननेही. दोन्ही एकदम चालू असतील तर आतडी जवळजवळ ठप्प होऊ शकतात. तेव्हा जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्यावं आणि शौचाची नोंद वहीत लाजेशिवाय लिहावी.

नव्या उपचारांत तर जोडीदाराच्या नजरेला आणखी किंमत आली आहे. अॅक्ट्रेकमध्ये 2021 साली देशातला पहिला कार-टी उपचार झाला; यात रुग्णाच्याच पेशी बदलून त्याला परत देतात. या उपचारानंतर मेंदूवर परिणाम होतोय का, हे पाहायला रुग्णाला रोज एक वाक्य लिहायला सांगतात. अक्षर बिघडलं की इशारा. नवऱ्याचं अक्षर नेहमी कसं असतं, हे नर्सला कुठून माहीत असणार?

एक विषय मात्र मराठी घरात कुणी काढत नाही, तो शरीरसंबंधांचा. केमोनंतर निदान दोन दिवस औषधाचा अंश शरीरातल्या स्रावांत असतो, म्हणून उलटी-लघवी साफ करताना हातमोजे आणि संबंध आल्यास निरोध. काउंट किंवा प्लेटलेट्स फार कमी असतील तर थांबायचं. गर्भधारणा तर उपचारांच्या काळात टाळायचीच. जवळ झोपणं, पाय चेपणं यांना सहसा मनाई नसते, पण कुणी सांगत नाही म्हणून कित्येक जोडपी महिनोन्महिने वेगळ्या खाटांवर काढतात. सासू-सासऱ्यांसमोर ओपीडीत हे विचारता येत नसेल, तर डे-केअरमधल्या नर्सला एकटीला गाठून विचारावं. तिला हा प्रश्न नवा नसतो.